आगे-पीछे क्या है?

फ्रीगंजात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून पुस्तकांना जिल्द बांधणारे चाचा बसतात. त्यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या उज्जैनात दुसरा नसेल. रामघाटावर पाणी चढलंय म्हटलं, तरी विचारतील, "तूने देखा? नहीं? तो किससे सुना? और उसने किससे?" दूधवाला 'ताजं आहे' म्हणाला, तर चौकशी थेट म्हशीपर्यंत जायची. तरुणपणी ते मदरशात शिकले. कुठलंही वचन कोणी कोणाकडून ऐकलं, ती साखळी सांगितल्याशिवाय तिथे खपत नसे. मदरसा सुटला, साखळी काही सुटली नाही. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. माझं प्रमाणपत्रही त्यांनी उजेडाकडे धरून तपासलं, आणि मगच मला 'बी.ए. साहब' म्हणू लागले.

त्यांच्या मशिदीतल्या तरुण मौलवींशी त्यांचं मुळीच पटत नसे. मौलवींच्या तीन मतांवर चाचांनी वहीभर आक्षेप लिहून ठेवले होते. एकदा मोबाइलवर एक क्लिप फिरली. तीत मौलवी चाचांच्या दिवंगत उस्तादांना चक्क 'गुमराह', म्हणजे वाट चुकलेले, म्हणत होते. लोक भडकले. मौलवींचं मुलांना शिकवणं बंद करायचं, शुक्रवारी फैसला, असं ठरलं. मी क्लिप घेऊन धावलो. "चाचा, सापडला बघा तुमचा माणूस!"

चाचांनी सुरी खाली ठेवली. "आगे-पीछे क्या है?"

"अहो, अपने कान से सुना ना!"

"बी.ए. साहब, फटा पन्ना भी आँख से ही दिखता है."

अख्खं भाषण मला शोधायला लावलं. जुन्या रिवाजाप्रमाणे मौलवींनी आधी विरोधकाचा आक्षेप पुऱ्या ताकदीनिशी मांडला होता, "कोई कहे कि वो गुमराह थे", आणि पुढे पाऊण तास तो खोडून काढला होता. कापणाऱ्यानं 'कोई कहे' आणि तो पाऊण तास, दोन्ही उडवलं होतं.

शुक्रवारी मशिदीत चाचा उभे राहिले. मी बाहेर चपलांपाशी ऐकत होतो. "इस लड़के की तीन बातें ग़लत हैं, वो मैं इसके मुँह पर कहूँगा. मगर ये बात इसने नहीं कही."

मौलवींचं शिकवणं टिकलं. दुसऱ्या दिवशी ते आभार मानायला आले, तर चाचा म्हणाले, "शुक्रिया बाद में. पहली ग़लती पे आओ."

आता चाचांना दिसत नाही; जिल्दीचं काम सुटलं, पण बसतात तिथेच. मौलवींची नागरीत छापलेली पुस्तिका मी त्यांना वाचून दाखवतो. पूर्वी दर ओळीला मागचं पान उलटायला लावत. परवा एक झोंबरं वाक्य आलं. मी थांबलो, विचारतील म्हणून. ते नुसतं म्हणाले, "तू पढ़ रहा है ना? तो ठीक है. आगे चल."

मला आनंद व्हायला हवा होता. मी गुपचूप पान मागे उलटलं आणि वरच्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो.