तिसऱ्या मिनिटातला खोकला

आमचे मामा आयुष्यभर दुकानदारांची वजनमापं तपासत आले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी पियानोवादक तपासायला घेतले. त्यासाठी एकच सोनाटा, म्हणजे पियानोवरची एक लांबलचक रचना, निवडला होता. तो इतका अवघड, की भलेभले त्याच्या वाटेला जात नाहीत. मामांकडे चौदा जणांनी वाजवलेल्या त्याच्या चौदा रेकॉर्डी नोकरीत असल्यापासूनच होत्या, आकडे चिकटवून कपाटात ओळीनं लावलेल्या.

दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे पाच-सहा रसिक जमत. कुणीतरी पडद्याआड रेकॉर्ड लावायची आणि मामांनी डोळे मिटून वादक ओळखायचा. ते कधीच चुकले नाहीत. "अकरा नंबर. याच्या वादनाला स्थापत्य आहे," असं म्हणत, आणि मंडळी माना डोलवत. सात नंबरच्या बाईंवर मात्र त्यांचा राग. "गंजलेली बोटं! हिच्या रेकॉर्डवर गरम पातेलं ठेवा."

या विद्वत्तेचं गुपित मला ठाऊक होतं, कारण मी त्यांची वही चोरून वाचली होती. वहीत स्थापत्याचा पत्ता नव्हता. 'क्र. ४: सुरुवातीलाच खुर्ची करकरते. क्र. ११: वादक गुणगुणतो. क्र. ७: तिसऱ्या मिनिटाला श्रोत्यांत खोकला, पुरुषी, कोरडा.' मला हसू आलं आणि चीडही आली. तीस वर्षं या माणसानं पियानो सोडून बाकी सगळं ऐकलं होतं!

मामी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसायची. तिनं वादकांना आपली नावं ठेवली होती: एक 'गाडी चुकणारा', एक 'रडूबाई', एक 'आरशात बघून वाजवणारा'. मामा म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं?"

मग मंडळीत एक दातांचे डॉक्टर आले. "नशिबानं जमत असेल तुमचं," ते एकदा हसत म्हणाले. मामांचा पारा चढला. "एकदा जरी चुकलो तर चौदाच्या चौदा रेकॉर्डी उचलून न्या!"

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी एक सीडी आणली. "तुमच्या चौदांतलाच एक आहे. फक्त मागची खरखर, आवाज वगैरे साफ करून घेतलेत."

मामा डोळे मिटून बसले. खुर्ची करकरली नाही. कुणी गुणगुणलं नाही. तिसरं मिनिट गेलं, चौथं गेलं. मामांच्या कपाळावर घाम आला. संथ भाग सुरू झाला तेव्हा त्यांनी शोधणं सोडून दिलं असावं, कारण खांदे खाली आले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला त्यांचा राग होता तो तेवढ्यापुरता विरघळला.

"हा आपल्यातला नाहीच," शेवटी ते म्हणाले. "असं मी कधी ऐकलंच नाही. फसवताय तुम्ही."

"अहो, सातवी आहे ती," दारातून मामी म्हणाली. "तुमची गंजलेली. उजवा हात पुढे पळतो आणि डावा त्याला धरून ठेवतो, रस्ता ओलांडताना पोराला धरतात तसा. बाकीचे तेरा जण तिथं नुसते धावत सुटतात."

डॉक्टरांनी वेष्टन दाखवलं. सातवीच होती. ते बिचारे ओशाळून "राहू द्या हो" म्हणत होते, पण वजनमापांचा माणूस शब्दाला पक्का. मामांनी स्वतः कपाट उघडलं. मामी पुढे झाली आणि तिनं सातवी ओढून घेतली.

"तेरा न्या. ही माझी आहे."

"तुझी कधीपासून?" मामांनी विचारलं.

"तुम्ही बाहेर गेलात की हीच लावते मी. तीस वर्षं झाली."

आता रविवारी कुणी येत नाही. जेवणं आटोपली की मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, "लावतेस का?" मामी त्यांच्यापुढे शेंगांची परात सरकवते आणि रेकॉर्ड लावते. तिसऱ्या मिनिटाला तो कोरडा खोकला येतो, आणि मामा हातातली शेंग टाकून ओरडतात, "सात नंबर!"

"गप्प बसा हो," मामी म्हणते. "ऐका."