पिरिहिराच्या उशाशी

सख्खी थोरली बहीण पिरिहिरा सभाघरात पेटीत निजलेली, आणि राहेरा मागं स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. हे रीतीला धरून नव्हतं. मराएवर, जमातीच्या या सभाघराच्या आवारात, तांगी म्हणजे मयताची शोकबैठक बसली की घरच्यांनी मयताजवळ बसायचं; रांधणं, वाढणं, भांडी इतरांनी बघायची. बायकांनी तिला हुसकायचा प्रयत्न केला.

"मी पुढं जाऊन बसले की तुम्ही डुकराचं मटण जाळणार," राहेरा म्हणाली, "आणि पाहुणे जन्मभर माझ्या नावानं बोंबलणार."

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आई लवकर गेल्यावर पिरिहिरानंच तिला वाढवलं. कत्तलखान्यात मुकादमाशी भांडून राहेरा नोकरी सोडून आली, तेव्हा पिरिहिरानं काही न विचारता ताट वाढलं. नवऱ्याला सोडून आली, तेव्हाही ताटच. दुःख आलं की चूल पेटवायची, एवढंच राहेरा शिकली. नुसतं बसणं तिला कधी जमलंच नाही.

बाहेर इकडच्या ऐन हिवाळ्यातला, जुलैचा पाऊस हाडं गोठवत होता. नदीच्या पलीकडं शहर. त्या काठाला कौन्सिलनं उंच बांध घातलेला. तिथं अडलेलं पाणी जाणार कुठं, हे विचारायला राहेरा सभेमागून सभेला जाऊन घसा बसवून आली होती. त्या प्रश्नाचं उत्तर आज मराएच्या फाटकातून आत येत होतं.

पिरिहिराचा मुलगा, टीपेने त्याचं नाव, ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं म्हाताऱ्यांना आणि पोरांना ट्रेलरमध्ये भरलं. टेकडीवर त्याचा मेंढ्या कातरायचा गोठा होता, तिथं जायचं ठरलं. बाकीचे पुरुष गुरं वर न्यायला गेले होते. तेवढ्यात बचावपथकाचा माणूस होडी घेऊन आला.

"चला बाई, शेवटची फेरी. मयत इथंच राहू दे, पाणी ओसरल्यावर बघू."

"तुझ्या आईला असं ठेवून जाशील?"

"होडीत जागा जिवंतांपुरतीच आहे."

"मग माझी जागा दिली तिला. ती माझ्याहून हलकी आहे."

वाईट नव्हता तो बिचारा, हुकमाचा ताबेदार. टीपेनेनं मध्ये पडून सांगितलं, "मावशी, हा ट्रेलर रिकामा करून मी आईला न्यायला येतो. तोवर तिच्याजवळ कोणीतरी हवं."

कोणीतरी. राहेरानं मागं वळून बघितलं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका ट्रेलरवर चढल्या होत्या. मातीत उतरेपर्यंत मयताला क्षणभरही एकटं ठेवायचं नसतं. रीत मोडली तर पिरिहिरा काही म्हणाली नसती. जिवंतपणी तरी ती कुठं काही म्हणायची?

राहेरानं एप्रन सोडला, नळाखाली हात कोपरापर्यंत धुतले, चपला दाराबाहेर काढल्या आणि पेटीजवळ चटईवर बसली. तिनं बहिणीच्या गार कपाळावर तळवा ठेवला.

"घे, आले बाई. चूल विझली आता," ती म्हणाली. "तुझ्यासमोर रिकाम्या हातानं बसायची भीती वाटत होती मला. हसू नकोस."

मग जे रडू आलं, ते आजवरच्या साऱ्या ताटांचं होतं. उंबऱ्यावरून पाणी आत सरकलं, चटईची कड भिजली. तिनं पाय जवळ ओढले, पण उठली नाही. होडीवाला दारातच थांबून राहिला होता. ट्रॅक्टर परत आला तेव्हा त्यानंच पेटीचं एक टोक खांद्यावर घेतलं.

गोठ्यात एकच छप्पर. जिथं मयत तिथं अन्न नाही, त्यामुळं सगळी पंचाईत.

"मावशी, चूल कुठं मांडायची?" एकीनं विचारलं.

"बाहेर. ताडपत्री बांधा. जिवंत माणूस भिजला तर वाळतो."

"आणि रांधणार कोण?"

"हात नाहीत का तुम्हाला?"

थोड्या वेळानं ताडपत्रीखालून करपल्याचा वास आला. राहेरा अर्धी उठली. टीपेने तिच्याकडं बघत होता. बाहेर बायका एकमेकींवर खेकसत होत्या, मिठावरून वाद चालला होता.

"सत्यानाश चाललाय तिकडं," ती पिरिहिराला म्हणाली, आणि पुन्हा तिच्या उशाशी बसली.