नदीच्या अलीकडे

"उतरा साहेब, गाव आलं."

एवढं म्हणून तो आधी स्वतः उतरायचा. पहिलं घर लागायच्या बरंच अगोदर उजवा पाय मागून सावकाश काढायचा, सायकल हातात धरायचा आणि चालत गावात शिरायचा. सायकलची घंटी त्याने कधीच काढून टाकली होती. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "आपून आलो हे गावाले दिसते नं? मंग वाजवाची कायले?"

साठ साल उजाडायच्या आधीची ही गोष्ट. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी अमरावतीचा, वय तेवीस, हिवतापाच्या खात्यात नवा इन्स्पेक्टर म्हणून आर्णीला आलो होतो. काम असं, की सायकलवर गावोगाव फिरायचं, घरोघरी ताप विचारायचा, तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि त्याला कडू गोळ्या द्यायच्या. सोबतीला हा मिळाला. जवळच्याच एका तांड्यावरचा बंजारा, चाळिशीला टेकलेला, अंगाने काटक. लढाईत ब्रह्मदेशाला जाऊन आलेला होता म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणत. खरं तर तो साधा शिपाई होता, लष्करी लॉरी चालवायचा. "मी हवालदार नोहो" असं तो प्रत्येकाला एकदा सांगायचा आणि मग त्या हाकेला ओ द्यायचा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करत असे. आठवणीत मात्र तो एकेरीच राहिला.

इतका हळू सायकल चालवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. माझी सायकल त्याच्याइतकी हळू चालवली की पडायची. चढावर बैलगाडी आमच्या पुढे जायची, आणि गाडीवान वळून आमच्याकडे काळजीने बघायचा. मी वैतागलो की तो म्हणायचा, "हळू साहेब. ताप कुठी पळून नाही चालला."

आर्णीहून महागाव, तिथून उमरखेड, ढाणकी आणि पुढे पैनगंगेच्या काठची गावं असा आमचा महिन्याचा फेरा. डांबर फारच थोडं. बाकी बैलगाडीच्या चाकोऱ्या, सागाचं रान आणि काळी माती. मैलन्‌मैल मोटारीचा आवाज नाही. चाकाखाली वाळलेली पानं चुरायची, तेवढीच. खात्याची जीप वर्षातून एकदा वरच्या साहेबांना घेऊन यायची. तेव्हा हा पहाटेच सायकलवर निघून जायचा. एकदा साहेबांनी जीपमध्ये बसण्याचा हुकूम केला. त्याने हात जोडले आणि मान खाली घालून उभा राहिला, पण बसला नाही. त्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली. ती त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि घडी करून टोपीत ठेवली.

लढाई संपून बारा-तेरा वर्षं झाली होती. पण ती या भागात कुठे कुठे पडून आहे, हे मला त्याच्यामुळे दिसू लागलं. एका घरी पलटणीतल्या डब्याने दूध मापायचे. एका शेतात ज्वारी राखायला उभ्या केलेल्या बुजगावण्याच्या अंगात खाकी ओव्हरकोट होता. त्या शेताशी आला की हवालदार नजर दुसरीकडे वळवायचा. "या घरचा वाळवंटात गेलता," तो चालता चालता हळूच सांगायचा. "आला. पण एक कान देऊन आला." पुढच्या घराशी म्हणायचा, "इथला नाही आला."

न आलेल्यांपैकी एकाचं घर ढाणकीच्या पलीकडे एका तांड्यावर होतं. तिथे एक म्हातारी एकटीच राहायची. हवालदार तिला याडी म्हणायचा. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिचा मुलगा थावरू आणि हवालदार एका वयाचे. दोघे मिळून यवतमाळपर्यंत पायी गेले होते आणि एकाच दिवशी भरती झाले होते. दोघेही लॉरीवर.

दर महिन्याला आम्ही तिच्या दारात जायचो. ती आम्हाला बसवायची, चुलीवर भाकर टाकायची आणि भाकर फुगली की म्हणायची, "सांग रे, कसा गेला?" त्यांचं बोलणं त्यांच्या बोलीत चालायचं. मला ती हळूहळू कळू लागली. इथे मी वऱ्हाडीत लिहितोय.

तो सांगायचा. "ताप लय व्हता याडी. माझ्या मांडीवर डोक्सं व्हतं. मी पाणी पाजलं. तुहं नाव घेतलं त्यानं, अन्‌ झोपल्यावानी गेला. लगन नव्हतं झालं म्हणून मी त्याले आपल्या रीतीनं माती देल्ली. वर दगड रचले."

"किती दगड?" ती विचारायची.

"लय. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये इतके."

मग ती समाधानाने भाकर उलटायची. दर फेरीला हेच. मला वाटायचं, सगळं ऐकून झालंय तरी ही पुन्हा का विचारते? आता वाटतं, तिला आपला गेलेला मुलगा तेवढ्या वेळापुरता जवळ मिळत होता.

एका हिवाळ्यात, तिच्याकडून निघाल्यावर, आम्ही नाल्याकाठी थांबलो होतो. दुपार होती. मी सहज म्हणालो, "तुम्ही होता म्हणून त्याला शेवटी आपलं माणूस मिळालं."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मी नव्हतो."

तिथे बसून त्याने मला सगळं सांगितलं. जपानी मागे लागले होते. पलटण मागे हटत होती. हे दोघे एका लॉरीत, आणि मागे आजारी-जखमी माणसं भरलेली. हुकूम होता, थांबायचं नाही. रस्त्यातल्या गावांमधून भोंगा वाजवत सुसाट जायचं; लोक घाबरून शेतात पळायचे, कोणी आडवं आलं तरी ब्रेक दाबायचा नाही. एका गावात कोणीतरी आडवं आलं. "कोण व्हतं ते मले आजवर मालूम नाही," तो म्हणाला. थावरूचा ताप तोवर डोक्यात चढला होता. शेवटी एक मोठी नदी आली. लॉऱ्या पलीकडे नेण्याची सोय नव्हती. हुकूम आला, इंजिनं फोडा. ज्याला चालता येतं त्यानेच होडीत चढायचं.

"मी त्याले झाडाखाली ठेवलं. पाण्याची बाटली हातात देल्ली. म्हटलं, आत्ता येतो. तो माझ्याकडं पाहून राह्यला व्हता, साहेब. त्याले समजत व्हतं. मी होडीत बसलो. होडी भरली व्हती. मंग गेली."

"परत नाही गेलात?"

"नाही."

नाल्याचं पाणी अगदी थोडं होतं. त्याने त्यात हात बुडवले आणि तसेच ठेवले.

मी तेवीस वर्षांचा होतो. खरं बोलण्याने माणूस मोकळा होतो, असं मी पुस्तकात वाचलं होतं आणि मला ते पटलं होतं. मी म्हणालो, "तुम्ही तिला खरं सांगायला पाहिजे. ती आई आहे. तिचा हक्क आहे."

"खऱ्यानं तिचं काय भलं होईन?"

"तुमचं तरी होईल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझं शिक्षण त्याच्यापेक्षा जास्त होतं, आणि या गोष्टीला तो फार मान द्यायचा. ते मला माहीत होतं. वर्षानुवर्षं मी स्वतःला एवढंच विचारत आलोय, की त्या दिवशी मी गप्प का बसलो नाही?

पुढच्या फेरीला तिने भाकर टाकली आणि विचारलं, "सांग रे, कसा गेला?" आणि त्याने सांगितलं. झाड, बाटली, होडी, सगळं. मी उंबऱ्याशी बसलो होतो. तो जमिनीकडे बघून बोलत होता. आता ती रडेल, त्याला शिव्या देईल, हाकलून देईल, असं मला वाटत होतं. त्यालाही तेच हवं असावं.

ती म्हणाली, "म्हंजे तू त्याले माती नाही देल्ली?"

"नाही याडी."

"त्याचा जीव जाताना तू पाह्यला नाही?"

"नाही."

"मंग तो मेला असं कायले म्हणतं?"

चुलीवरची भाकर जळाली होती. तिने ती बाजूला टाकली आणि पिठात पुन्हा हात घातला. त्या दिवशी तिने एक भाकर जास्त केली.

तिथून पुढे सगळं घसरत गेलं. म्हातारीने आपली बाज उचलून तांड्याबाहेर, ढाणकीचा रस्ता फुटतो तिथे, मोहाच्या झाडाखाली नेऊन टाकली. सकाळपासून तिथे बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, ब्रह्मदेशाकडून कोणी येताना दिसलं का. लोकांनी आधी समजावलं, मग थट्टा केली, मग तिच्याकडे बघणंच सोडलं. तांड्याच्या नायकाने हवालदाराला सगळ्यांसमोर धरलं. "पंधरा वर्सं म्हातारी धड व्हती. काहून येडी केली तिले? या तांड्यात पाय ठेवू नको."

हवालदाराने माझं नाव घेतलं नाही. मी तिथेच उभा होतो. मीही काही बोललो नाही.

मग तो तांड्यात जात नसे. मी आत जाऊन काचपट्ट्या भरायचो आणि तो मोहाखाली तिच्याजवळ बसायचा. ती त्याच्यावर रागावली नव्हती, हेच त्याला सोसवत नव्हतं. तिला फक्त ते झाड हवं असायचं. "सावली व्हती का चांगली? फळं लागत का त्याले? पाणी जवळ व्हतं म्हणतं, मंग जगला असन." आणि त्याला दर वेळी झाडाचं वर्णन करावं लागायचं. पूर्वीची गोष्ट तो सहज सांगायचा. ही सांगताना त्याला घाम फुटायचा. सुट्टीच्या दिवशीही तो एवढा पल्ला मारून तिच्याकडे जाऊ लागला. घागरभर पाणी आणून ठेवायचा, गवताचा आडोसा करायचा. घरात चल म्हटलं की ती म्हणायची, "मी घरात गेली अन्‌ तो इथून निंघून गेला त?"

मे महिन्यात तिला ताप भरला. आमच्या गोळ्यांचा नव्हता तो ताप, उन्हाचा होता. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. बाजेवर ती वाळक्या पानासारखी पडली होती. मी ओलं फडकं तिच्या कपाळावर ठेवलं. उचलून घरात न्यावं म्हणून आम्ही वाकलो, तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि हवालदाराचं मनगट धरलं.

"थावरू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो याडी. आलो."

तिचा चेहरा कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही. मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली. मनगटावरचा हात घट्ट झाला.

"आन्‌ तुहा सोबती रे? त्याले मांगं सोडून त नाही आला?"

तो तिच्या हातावर डोकं टेकून बसला. मग म्हणाला, "नाही याडी. दोघंबी आलो."

दुपारपर्यंत ती गेली. नायकाने त्याला तांड्यात येऊ दिलं. लाकडं त्यानेच फोडली. नायकाने दुसरा माणूस पुढे केला तर त्याने कुऱ्हाड सोडली नाही.

आर्णीला परतल्यावर त्याने आठ दिवसांची रजा मागितली. अर्ज मी लिहिला, त्याने अंगठा न देता सही केली, अक्षर जपून, एकेक. रजा संपली, पंधरा दिवस झाले, तो आला नाही. मग मी त्याच्या तांड्यावर गेलो. घरी त्याची भावजय होती. भाऊ शेतात होता.

तिने सांगितलं, की पहाटे त्याने सायकल पुसली, हवा भरली. तिने भाकरी बांधून दिल्या, घोंगडी दिली. कुठे, विचारलं तर म्हणाला, फिरून येतो.

"कोणत्या बाजूला गेला?"

तिने हात वर करून दाखवलं. उगवतीकडे. तिकडे नुसतं रान होतं आणि त्यातून जाणारी पांदण.

"त्या पळसापोतर दिसला," ती म्हणाली. "हळूहळू चालला व्हता. मंग नाही दिसला." मग तिने विचारलं, "येईन नं साहेब तो?"

मी म्हणालो, "येईल."

तिने मला पाणी दिलं. ते मी उभ्यानेच प्यालो आणि निघालो.