प्लास्टरमधला महिना

आज पायाचं प्लास्टर काढलं. आतला पाय काटकुळा आणि पांढुरका झाला होता, पण गेला महिना वाया गेला असं मला अजिबात वाटलं नाही.

माझी मुलगी केतकी कॉलेज सोडून घरी बसली, तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. या महिन्यात टीव्हीवरच्या मालिका बघून मी कंटाळले, तेव्हा तिनेच तिच्या गेमचा रिमोट माझ्या हातात दिला. खेळात दोघींनी मिळून एक डोंगर चढायचा होता आणि मी सारखी दरीत पडत होते.

"आई, पडलीस तर पडलीस. इथूनच पुन्हा सुरू होतं," ती म्हणाली.

मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण मुलांचं चुकलं की माझा आवाज आधी चढायचा. तिचा एकदाही चढला नाही.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही माथ्यावर पोहोचलो. तिथेच मी विचारलं, "कॉलेज का सोडलंस गं?"

तिने खेळ थांबवला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मी मध्ये बोलले नाही, शेवटी सल्लाही दिला नाही. एवढं मला आता नक्की जमतं.