पाळकसाहेबांचे मानपत्र

"म्हणजे काय?"

कोणाच्याही घरची प्रार्थना संपली, सगळ्यांनी आमेन म्हटले, की आमचे पाळकसाहेब चष्मा काढून गुडघ्यावर ठेवत आणि समोरच्या एखाद्या लेकराला हा प्रश्न विचारत. आवाज मऊ असे. पण लेकरू आईकडे पाही आणि आई चहाच्या भांड्याकडे. मग साहेब हसून म्हणत, "असू दे, असू दे. पाठ छान आहे." बाहेर पडल्यावर सायकल भिंतीला टेकवून ते कोटाच्या खिशातून एक निळी वही काढत आणि तिच्यात काहीतरी लिहीत.

खिशात वही बाळगणारी माणसे तुम्हीही जवळून पाहिली असतील. त्यांच्याबद्दल तुमचे मत काय आहे ते मला ठाऊक नाही. माझे मत तेव्हा पक्के होते. दुसऱ्यांची नावे लिहून ठेवणारा माणूस ती यादी कधी ना कधी कोणाला तरी दाखवतो.

आम्ही शिंदे की छावनीत राहणारे मराठी ख्रिस्ती. आजोबांच्या पिढीत नगरकडून ग्वाल्हेरला आलेलो. कोणी संस्थानच्या फौजेच्या बँडात, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत. माझे बाबा सरकारी छापखान्यात कंपोझिटर होते. घरात पुस्तके थोडी, पत्रके ढीगभर. रद्द झालेल्या पत्रकांच्या मागच्या बाजूवर मी अक्षरे गिरवली आणि पुढच्या बाजूवरून वाचायला शिकलो. आईला दाखवलेले माझे पहिले शब्द 'जाहीर निषेध' हे होते.

आमच्या चर्चची इमारत एक, मंडळ्या दोन. सकाळी आठला मराठी उपासना, दहाला हिंदी. पाळकही दोन. आधी संस्थान गेले, मग मध्य भारत आला, आणि आता तोही मोडून मध्य प्रदेशात जाणार असे ठरले. कचेऱ्या भोपाळला निघाल्या. दर महिन्याला आमचे एखादे कुटुंब पेट्या बांधी आणि आठच्या उपासनेतले एक बाक रिकामे होई. तशात कुजबुज सुरू झाली की दोन्ही उपासना एक करायच्या. एक म्हणजे हिंदी, हे वेगळे सांगायला नको.

मी स्वतःलाच विचारले, यात फायदा कोणाचा? आज सहा बाकांपुढे बोलणाऱ्या पाळकाला उद्या भरलेले चर्च मिळणार असेल, तर फायदा उघड त्याचा. हिंदी पाळक वयाने लहान होते, चर्चमध्ये नवे होते. ज्येष्ठ आमचेच साहेब.

मग मी पुरावे जमवू लागलो. साहेब दर गुरुवारी हिंदी पाळकांच्या घरी जात आणि तासभर बसत. एकदा इंदरगंजात जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते हिंदी व्याकरण चाळताना दिसले. मला पाहून त्यांनी ते पुस्तक पिशवीत टाकले.

"काय घेतलंत साहेब?"

"थोडं वाचायला."

मीही वाचायला पुष्कळ घेई आणि लपवून आणी, पण त्याची कारणे वेगळी होती.

अशात चर्चच्या पंचांनी ठरवले की पाळकसाहेबांच्या वीस वर्षांच्या सेवेबद्दल त्यांना मानपत्र द्यायचे. लिहिणार मी, खिळे जुळवणार बाबा. हा निरोप घेऊन शांतवनकाका घरी आले. काका पूर्वी फौजेच्या बँडात कॉर्नेट वाजवीत. बँड मोडल्यावर साहेबांनी त्यांना घेऊन कचेऱ्यांच्या सात खेपा केल्या, तेव्हा कुठे काका मुलींच्या शाळेत संगीतमास्तर झाले.

"सात खेपा!" काका म्हणाले. "हे लिही."

"पण काका, साहेबांच्या कचेरीत एवढ्या ओळखी कशा?"

"कसल्या ओळखी? अरे, आम्हाला आठव्यांदा बघायला लागू नये म्हणून त्या बाबूने सही केली!"

"आणि दर गुरुवारी ते हिंदी पाळकांकडे का जातात?"

"तुला मानपत्र लिहायला सांगितलंय रे, जबानी घ्यायला नाही." काकांनी आईकडे पाहिले. "वहिनी, ह्या पोराला जरा झोपू देत जा. डोळे बघा त्याचे, सी.आय.डी.वाल्यासारखे झालेत."

तरी मी जबानी घ्यायला गेलोच. साहेब ओट्यावर मटार सोलत बसले होते. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, स्वयंपाक ते स्वतःच करीत. त्यांनी अर्धा ढीग माझ्यापुढे सरकवला.

"सोल."

मी सोलू लागलो. मटार सोलता सोलता माणसाला धारेवर धरणे फार कठीण असते.

"साहेब, मानपत्रात काय लिहू?"

"काही नको. सगळ्यांना चहा पाजा."

"दोन्ही उपासना एक होणार हे खरं का?"

"मंडळी ठरवील."

"तुमचं मत काय?"

"व्हाव्यात असं माझं मत आहे."

"हिंदीत?"

"हिंदीत."

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. मी आडवळणाच्या उत्तराची तयारी करून गेलो होतो, सरळ उत्तराची नव्हे.

"आणि त्या वहीत काय असतं?"

"नावं."

"कुणाची?"

"ते नाही सांगायचं."

"का?"

"त्यांना लाज वाटेल." मग माझ्या मुठीकडे बघून म्हणाले, "दाणे खाऊ नकोस, भाजीला पुरायचे नाहीत."

घरी येऊन मी मानपत्राचा कागद बाजूला सारला आणि पत्रक लिहिले. मथळा, 'वेदीवर मराठीचा बळी!!!' मजकुरात मी सरळ लिहिले, की मोठ्या मंडळीच्या लोभाने एक पाळक आपली भाषा विकायला निघाला आहे. बाबांनी प्रूफ वाचले. दोन उद्गारचिन्हे काढून ते म्हणाले, "आता आरडाओरडा जरा कमी झाला. पण माणूस चांगला आहे रे तो." ते आत गेल्यावर मी चिन्हे परत घातली.

ज्या रविवारी उपासना एक करण्याचे ठरवायला मंडळीची सभा होती, त्या दिवशी दाराशी उभा राहून मी पत्रक प्रत्येकाच्या हातात दिले. साहेबांनाही दिले. त्यांनी आभार मानून घेतले.

उपासनेनंतर सभा सुरू झाली. साहेब उभे राहिले, चष्मा लावला आणि माझे पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. 'लोभाने'पाशीही ते अडखळले नाहीत. घडी घालून म्हणाले, "मराठी फार चांगली आहे. आता ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं."

अशा माणसाचे काय करायचे? मी ताडकन उठलो.

"ती निळी वही वाचा! सगळ्यांसमोर!"

"नाही वाचणार."

"बघा!" मी मंडळीकडे वळलो. "म्हणे इथे आता मराठी उरली नाही. उठ गं, सुवार्ता!"

सुवार्ता माझी धाकटी बहीण, तेव्हा नऊ वर्षांची. ती पुढे आली, हात जोडले आणि प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणाली. एक अक्षर इकडचे तिकडे नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. शांतवनकाका 'वाहवा' म्हणून गेले, मग चर्चमध्ये आहोत हे आठवून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मी साहेबांकडे पाहिले. आता विचारा, मी मनात म्हटले. घरोघरी लेकरांना विचारता, तो तुमचा प्रश्न आज सगळ्यांसमोर विचारा. साहेबांनी विचारला नाही. ते खाली जमिनीकडे पाहत होते. मला वाटले, हरले.

म्हणून मीच विचारले. विजयाची मस्ती, दुसरे काही नाही. "सुवार्ता, आता याचा अर्थ सांग सगळ्यांना."

तिने जोडलेले हात सोडले. मग हळूच म्हणाली, "दादा, मतलब तो नहीं पता. पाठ आहे फक्त."

"अगं, पहिल्या ओळीचा तरी?"

तिने मान हलवली.

आमच्या घरात मराठी होती, पण ती बाबांच्या आणि माझ्या वादात होती, प्रुफांत होती, पत्रकांत होती. त्यातले एक वाक्यही मी कधी सुवार्ताशी बोललो नव्हतो. ती गल्लीत वाढली, शाळेत वाढली, आणि गल्ली-शाळेत हिंदी होती. आठच्या उपासनेत ती दर रविवारी तासभर न हलता बसे, त्याचे आम्ही कौतुक करीत होतो. त्या तासात तिला काय कळत होते, हे घरात कोणी विचारले नव्हते. बाहेरून येऊन एकाच माणसाने विचारले होते.

साहेब खाली उतरून तिच्यापाशी गेले. त्यांच्या तोंडून हिंदी मी प्रथमच ऐकली. "बैठो बेटी. तुमने कुछ चूक नहीं किया." एरवी अशा हिंदीवर पोरे खिदळली असती. त्या दिवशी कोणी हसले नाही. वहीत कोणाची नावे होती, हे आता सगळ्या आयांना कळले होते. साहेबांनी मात्र तेव्हाही खिशाला हात लावला नाही.

हात वर झाले. उपासना एक करावी असे ठरले. मी हात वर केला नाही. तो निर्णय चुकला असे मला आजही वाटते. लेकरांना अर्थ कळत नसेल तर अर्थ शिकवावा, भाषा का सोडावी? हे मी साहेबांना तोंडावर सांगितले. ते म्हणाले, "शिकव की. मी वीस वर्षं शिकवलं, मला जमलं नाही." या वाक्यात टोमणा आहे का, हे मी पुष्कळ शोधले. सापडला नाही.

मग शांतवनकाका उठले. "एक झालेल्या मंडळीचे पाळक आपलेच साहेब असावेत," अशी सूचना त्यांनी मांडली. मी सावरून बसलो. याच क्षणाची मी वाट पाहत होतो. आता साहेब नाही नाही म्हणतील आणि शेवटी आग्रहाखातर हो म्हणतील.

"ते ठरलंय," साहेब म्हणाले. "दहाच्या उपासनेचे पाळकच सगळ्यांचे पाळक होतील. मी त्यांना महिन्यापूर्वीच लिहून दिलंय. माझ्या तोंडची हिंदी ऐकून लोक हसतील. मग देवाचं वचन कोण ऐकणार?"

काका खाली बसले. मला मात्र अजून एक धागा उरला होता. "मग ते व्याकरण कशाला घेतलंत? गुरुवारी तिकडे काय शिकत होता?"

"बाकावर बसायला," ते म्हणाले. "बसून निदान ऐकायला तरी यायला नको?"

मानपत्र मी लिहिले. दोन रात्री बसलो, एकही उद्गारचिन्ह घातले नाही. सात खेपा घातल्या. मंडळीतल्या नर्सबाई आजारी पडल्या तेव्हा साहेबांनी महिनाभर त्यांच्या घरी पोचवलेले पाणी घातले. 'लोभ' हा शब्द ज्याने छापला तोच हे लिहीत आहे, असेही घातले. बाबांनी ते वाक्य जरा मोठ्या टाइपात जुळवले. मला न विचारता.

समारंभाला दोन्ही मंडळ्या आल्या. मी मराठीत वाचत होतो आणि हिंदी मंडळी अंदाजाने टाळ्या वाजवत होती, त्यामुळे नर्सबाईंच्या आजारपणालाही टाळ्या पडल्या. साहेबांनी मानपत्र घेतले आणि म्हणाले, "ह्यात एक गोष्ट खोटी आहे. इथे लिहिलंय की मी मंडळी सांभाळली. मी ती दुसऱ्याच्या हाती दिली आहे. बाकी खेपा सातच होत्या." मग सगळ्यांना चहा मिळाला.

पुढचे वर्षभर ते डावीकडच्या चौथ्या बाकावर बसत. ज्या जागी उभे राहून वीस वर्षे बोलले, तिच्याकडे तोंड करून. मी मुद्दाम त्यांच्या मागच्या बाकावर बसे. खरे सांगतो, पाळत ठेवायला बसे. कधीतरी ते कंटाळतील, मान हलवतील, नव्या पाळकांची चूक निघाल्यावर हसतील, असे मला वाटे. ते बोट ओळीवर ठेवून गात. कधी अर्धी मात्रा मागे पडत, मग घाईने गाठत.

पावसाळ्यानंतर त्यांची मुलगी त्यांना नगरला घेऊन गेली. नाताळच्या थोडे आधी साहेब वारल्याचे तिचे पत्र आले. ते शांतवनकाकांनी उभ्यानेच वाचले आणि माझ्या हातात दिले.

त्या आठवड्यात सणासाठी बाके पुसताना चौथ्या बाकावर त्यांचे हिंदी गीतांचे पुस्तक सापडले. मी ते तिथेच बसून उघडले. प्रत्येक ओळीवर बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते. जिथे अर्थ लागला नव्हता तिथे प्रश्नचिन्ह होते. सुरुवातीच्या पानांवर प्रश्नचिन्हेच अधिक होती, पुढे ती कमी होत गेली होती.

नगरला जाण्याआधीच्या रविवारी जे गीत झाले, ते मला आठवत होते. मी ते पान काढले. दुसऱ्या कडव्यातल्या दोन ओळींवर नुसती प्रश्नचिन्हे होती. त्या रविवारीही मी त्यांच्या मागेच बसलो होतो. त्या दोन ओळी त्यांनी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटल्या होत्या.