घरचा गाळ

जयपुरात बारा वर्षं काढूनही तारामतीने खातीपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीला कधी घर म्हटलं नाही. ‘बिऱ्हाड’ म्हणायची. नवरा हिंदुराव पलटणीत हवालदार. त्याला पेन्शन मिळाली की ठाण्याकडच्या खाडीकाठी, गावी परतायचं आणि ओहोटीला गाळात उतरून तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, काढायच्या, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

दर थंडीत तिचा भाऊ हणमंत सवाई माधोपूरला गाडी बदलून ओल्या गोणपाटात तिसऱ्या घेऊन यायचा. वाटेत त्या जिवंत राहाव्यात म्हणून वरून गाळ लिंपलेला. तारामती त्यांना मिठाच्या पाण्यात सोडायची. शिंपा हळूहळू उघडत, आतली रेती थुंकत. ती परातीशी बसून तो आवाज ऐकायची.

“मेव्हण्याला सांग,” हिंदुराव म्हणायचा, “जयपुरात मटणही मिळतं.”

“ते थुंकतं का?”

१९६३च्या पौषात हणमंत आला, तेव्हा पेन्शन जवळ आली होती. तिने गोणपाट सोडलं. सगळ्या तिसऱ्या आ वासून पडलेल्या. तिने टिचकी मारून पाहिली. एकही मिटली नाही. गाळाला उग्र वास होता, आणि बोटांवर निळसर तेलकट डाग उरला.

“वाटेत उकडल्या असतील गं बाय.”

“पौषात?”

हणमंताने रिकाम्या गोणपाटाची घडी घातली. मग म्हणाला, “आपल्या नाहीत त्या. रेवदंड्याहून आणल्या. आपल्या खाडीत तीन वर्षांत एक मिळाली नाही. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना झालाय. त्याचं पाणी येतं आणि तळाशी बसतं.”

“आणि हा गाळ?”

“आधी गाळही तिकडचाच लावायचो. तू म्हणालीस, वास परका येतो. म्हणून यंदा घरचा लिंपला.”

“निघाल्या तेव्हा जिवंत होत्या?”

“चांगल्या घट्ट मिटलेल्या होत्या.”

परातीत पाणी तयार होतं. तारामतीने तिसऱ्या तरीही त्यात सोडल्या आणि नेहमीसारखी शेजारी बसली. ऊन भिंतीवरून उतरून गेलं. पाण्यावर तेवढा तवंग पसरला.

संध्याकाळी हिंदुराव आला. “आज आवाज नाही?”

“अहो,” ती परातीवरची नजर न काढता म्हणाली, “मालकांना विचारा. ही खोली पुढेही आपल्याकडे ठेवतील का.”

बाहेर नळावर हणमंत पुन्हा पुन्हा हात धूत होता.