मृणालचा प्रयोग फसला नव्हता

दोन बायका सोडल्या तर ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या दोघींनाही सांगितली ती फार उशिरा. मग आता तुम्हाला का? — वय झालं म्हणून नव्हे. एक चांगली बातमी आली आहे, फार चांगली, आणि तिच्या अहवालात माझा उल्लेख ‘रुग्णाचा एक नातेवाईक’ एवढाच आहे. ते मला सोयीचं आहे. म्हणूनच ते तसं राहू द्यायचं नाही.

तो नातेवाईक मी. डोंबिवली पूर्वेला राहतो, वीज खात्यातून निवृत्त झालो, सोसायटीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. पखवाजाचं लक्षात ठेवा, कारण सगळं त्याच्यामुळे — नाही, पखवाजाला कशाला दोष देऊ? वाजवणारा मीच होतो.

सुनंदाला, माझ्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, चालता येऊ लागलं, पण उजवा हात गेल्यातच जमा होता. मांडीवर पडून असायचा, कुणीतरी आपली वस्तू तिच्यापाशी ठेवून गेल्यासारखा. डाव्या हाताने पोळी तोडताना ती माझ्याकडे बघायची नाही. मीही बघायचो नाही. असे किती महिने काढले आम्ही, काय सांगू?

मग ठाण्याच्या एका रुग्णालयात अशाच हातांसाठी एक चाचणी सुरू झाली. कल्पना मृणाल नावाच्या मुलीची — मुलगीच म्हणायची, कोपरीत आईवडिलांकडे राहायची, नुकतीच फिजिओथेरपिस्ट झाली होती. ती म्हणायची, नुसता व्यायाम करण्यापेक्षा ठेक्यावर केला तर मेंदू हात लवकर शिकतो. एका गटाला ठेक्यावरचा व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचा. कोण कुठल्या गटात, ते संगणक ठरवणार. तिने आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं होतं. म्हणाली, दोन कुंड्या आहेत असं समजा. एकीला नवं खत, दुसरीला जुनंच. दुसऱ्या कुंडीत कुणी गुपचूप नवं खत टाकलं, तर खत चांगलं की वाईट, हे मला कधीच कळणार नाही.

इतकं सोपं करून सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

सुनंदा दुसऱ्या कुंडीत गेली.

आमचा व्यायाम संपला की आम्ही बाकावर रिक्षाची वाट बघत बसायचो. शेजारच्या खोलीत पहिला गट. दार नीट लागायचं नाही. आतून ठेक्याच्या यंत्राची टकटक यायची, आणि त्या टकटकीवर माणसं पेला उचलायची, ठेवायची, मूठ उघडायची, मिटायची. दर आठवड्याला लय थोडी वाढवलेली असायची. ज्याचं आयुष्य तालात गेलं त्याला हे ऐकून समजायला किती वेळ लागतो? दाराच्या फटीतून मी फारसं बघितलंही नाही. ऐकूनच उचललं.

आणि मग मी खत टाकलं.

आमच्या मंडळाचं भजन दर गुरुवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये. मी सुनंदाच्या उजव्या हातात टाळ दिला, बोटांवर रुमाल बांधला आणि म्हटलं, देवापुढे बसतेस तर हाताला थोडा चाळा. तिला दुसरं काही सांगितलं नाही. भजन संथ सुरू होतं आणि चढत जातं, हे काही नवीन नाही. पण त्या गुरुवारपासून ते किती चढायचं, ते मी तिच्या हाताकडे बघून ठरवू लागलो. हात मागे पडला की पखवाज थांबायचा. हात आला की मी पुढे. मंडळी कुरकुरली. आमचे बुवा एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “काय हो, पखवाज आजारी आहे की तुम्ही?” मी हसलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर एका नवऱ्याची लबाडी म्हणून सोडून देता आलं असतं. पण आमच्या गटात कदम होते — खोपटच्या डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे चालक, राहायला कळव्याला, डावा हात गेलेला, तोंड मात्र शाबूत. त्यांना मी गुरुवारी बोलावलं. त्यांनी बाकीच्यांना गोळा केलं. चाचणी लहानच होती, आणि हळूहळू आमच्या गटातले बहुतेक जण माझ्या हॉलमध्ये टाळ घेऊन बसू लागले. भजनाच्या नावाखाली मी त्यांना पेले उचलायला लावायचो — तीर्थाचे पेले! मुठी उघडायला लावायचो, फुलं वाहायच्या निमित्ताने.

आणि काय सांगू तुम्हाला — हात उठले! हे लिहितानाही अंगावर काटा येतो. एका गुरुवारी कदमांचा डावा हात टाळासकट वर गेला आणि वरच राहिला. ते स्वतःच त्याच्याकडे बघत बसले. मग ओरडले, “आयला, गिअर पडला!” सगळा हॉल हसत होता, रडत होता. सुनंदाने त्या आठवड्यात स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडी, पण स्वतः. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद दुसऱ्या कशाने झालेला नाही. तो खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

पण आनंदाच्या पोटात काय होतं, ते सांगायचं आहे ना?

चाचणीच्या शेवटी सगळ्यांचे हात तपासले गेले. पहिला गट सुधारला होता. आमचाही सुधारला होता, जवळजवळ तितकाच. मृणालला ते खरं वाटेना. ती स्वतः आमच्या बाकापाशी आली, माझ्यापुढे वाकून उभी राहिली आणि विचारलं, “काका, घरी आणखी काही करत होता का? खरं सांगा. मी रागावणार नाही.”

कदमांना मी आधीच पढवून ठेवलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, देवाचं नाव घेतो. त्याला पण बंदी हाय काय?” बाकावरचे सगळे हसले. ती मात्र माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, “नाही हो. तुम्ही सांगितलंत तेवढंच.”

का? उपचार बंद होतील ही भीती सुरुवातीला होती, खरी होती. पण त्या दिवशी चाचणी संपलेली होती. काय जाणार होतं माझं? — माझी शाल जाणार होती. सोसायटीने माझा सत्कार ठरवला होता. बायकोची अशी सेवा करून हात परत आणणारा नवरा म्हणून. मी तो सत्कार घेतला. भाषणही केलं. म्हणालो, श्रद्धा आणि जिद्द. मृणालचं नावसुद्धा काढलं नाही.

तिच्या प्रयोगाचा निष्कर्ष निघाला : ठेक्याने विशेष फरक पडत नाही. रुग्णालयाने ती यंत्रं कपाटात ठेवली. मृणाल नोकरी सोडून गेली, एवढं कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

वर्षं गेली. सुनंदाचे गुडघे दुखू लागले म्हणून कुणीतरी कल्याणचा एक दवाखाना सुचवला. आत गेलो तर समोर मृणाल. तिने सुनंदाचा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, किती खूश झाली! शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसली होती, हात मांडीवर, तस्साच. सुनंदा सहज म्हणाली, “अगं, हिला ती टकटक का नाही लावत? त्या शेजारच्या खोलीत लावायचीस ती?”

मृणाल हसली. “ती फसली हो काकू. काहीच उपयोग नव्हता त्याचा. माझंच काहीतरी चुकलं होतं.”

मी तिथेच उभा होतो. आणि त्या दिवशीही बोललो नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला धीट समजाल.

घरी येऊन आधी सुनंदाला सांगितलं. तिने उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली. मग म्हणाली, “म्हणजे मी भजन करत नव्हते. तुम्ही करवून घेत होता.” आणि मग, “त्या पोरीने माझ्यापुढे स्वतःला नावं ठेवली, अहो. उद्या जाताय ना?”

गेलो. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं — दार, हॉल, टाळ, तीर्थाचे पेले, पढवलेले कदम. तिचा चेहरा मी विसरणार नाही. मी रागाची तयारी करून गेलो होतो. ती खुर्चीवरून उठलीच. “म्हणजे दोन्ही गटांना ठेका मिळाला होता? काका, म्हणजे ते *चाललं* होतं! दोन्हीकडे चाललं होतं!” टेबलावर हात आपटून ती हसली, लहान मुलीसारखी. आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर बसा. मला आता तुमच्याकडे बघवत नाही.”

मी बाहेर बसलो. थोड्या वेळाने आतून टकटक सुरू झाली. कालच्या त्या बाईसाठी.

पुढे मृणालने जुन्या निष्कर्षाबद्दल खुलासा पाठवला, आणि दुसऱ्या रुग्णालयात नवी चाचणी उभी केली, आधीपेक्षा मोठी. त्यात पहिल्याच भेटीत प्रत्येकाला विचारायचे, भजनाला जाता का, टाळ वाजवता का, शेजारी कुणी काही शिकवतं का. मला तिने त्या इमारतीच्या आसपासही फिरकू दिलं नाही. योग्यच केलं. आणि परवा निकाल आला. ठेक्यावर शिकलेले हात पुढे गेले, स्पष्ट, शंका राहू नये इतके पुढे. ती जिंकली! सुनंदाने तिला फोन केला तेव्हा दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मी फोन मागितला नाही, कुणी दिलाही नाही. मी खिडकीत उभा राहून टाळ्या वाजवत होतो, वेड्यासारखा.

तर नोंद अशी करावी. ही पद्धत मृणालची आहे आणि ती पहिल्या दिवसापासून चालत होती. माझ्या हॉलमध्ये उठलेले हात तिने उठवले होते. मी नव्हे, माझ्या जिद्दीने नव्हे, देवाने दिले असतील तर तिच्याकरवी दिले. पद्धत फसली असं जे इतकी वर्षं मानलं गेलं, ते एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य मी शुद्धीत, दिवसाढवळ्या, तिच्या डोळ्यांत बघून बोललो होतो. मधल्या वर्षांत त्या रुग्णालयात किती माणसं हात मांडीवर ठेवून आली आणि तशीच घरी गेली, ते मला माहीत नाही. यंत्रं कपाटात होती. किल्ली माझ्याकडे होती.